रक्ताचे आकडे

पूर्वी घरात कोणी फिकट दिसू लागले, जिना चढताना त्याला धाप लागू लागली, की घरातले वडीलधारे माणूस त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून पाही, नखांवरून नजर फिरवी आणि ‘अंगात रक्त कमी आहे’ असा निर्णय देई. तो निर्णय पुष्कळदा बरोबरही असे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात लोहाची व मंडुराची योजना सांगितलेली आहे. फिकटपणा आणि लोखंड ह्यांचा संबंध आपल्याकडे किती जुना आहे, हे त्यावरून दिसते. परंतु रक्त कमी म्हणजे किती कमी, आणि मुख्य म्हणजे कशामुळे कमी, ह्या प्रश्नांना पापणीपाशी उत्तर नव्हते.

आज त्याच माणसाच्या हाती प्रयोगशाळेतून एक कागद येतो. कागदावर पंधरा-वीस ओळी असतात. प्रत्येक ओळीत एक आकडा, आणि त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे, म्हणजे खालची मर्यादा व वरची मर्यादा. ज्या आकड्याने ही मर्यादा ओलांडली असेल त्याच्यापुढे चांदणीची खूण केलेली असते. कागद उघडताच नजर प्रथम त्या चांदणीवर जाते आणि काळजात धस्स होते. हे आकडे कोठून आले, त्यांच्या मर्यादा कोणी आखल्या, आणि त्यांतला एक आकडा एकटाच किती सांगू शकतो, ह्याचा इतिहास मात्र त्या कागदावर नसतो. तो मोठा मनोरंजक आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत, परळला घडलेले आहे.

रक्तातील तांबड्या पेशी हॉलंडमधील लेवेनहूक ह्याने आपल्या सूक्ष्मदर्शकातून १६७४ मध्ये पाहिल्या व त्यांचे वर्णन केले. त्या मोजण्याची कल्पना प्रत्यक्षात यायला मात्र पावणेदोनशे वर्षे लागली. १८५२ मध्ये जर्मनीतील कार्ल फीरोर्ट ह्याने रक्ताचा अगदी सूक्ष्म थेंब पातळ करून, काचेवर पसरून त्यातील पेशी एक-एक करून मोजल्या. एका मोजणीला तासचे तास लागत. पुढे रेघा आखलेल्या काचेच्या कोष्ठिका निघाल्या आणि हे काम सुसह्य झाले. १८७९ मध्ये पाउल एर्लिख ह्या तरुण डॉक्टरने कापड रंगवण्याच्या नव्या कृत्रिम रंगांनी रक्त रंगवून दाखवले, आणि ज्या पांढऱ्या पेशी तोवर सरसकट एकच वाटत होत्या त्यांच्या जाती डोळ्यांना दिसू लागल्या.

पेशींची संख्या मिळाली. आता त्यांच्यातील तांबडे द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, मोजायचे होते. लंडनचे डॉक्टर गावर्स ह्यांनी १८७८ मध्ये ह्यासाठी एक साधे उपकरण काढले. एका नळीत ठरावीक रंगाचे द्रव्य बंद करून ठेवलेले. दुसरीत रोग्याचे रक्त घेऊन, दोन्ही नळ्यांचा रंग जुळेपर्यंत त्यात पाणी घालत जायचे. बर्नच्या साली ह्यांनी १९०२ मध्ये ह्यात सुधारणा केली. त्यांची नळी भारतातील दवाखान्यांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत कित्येक दशके वापरात होती. जुन्या डॉक्टरांना ती खिडकीकडे धरून रंग जुळवताना पाहिलेले अनेक जण आजही असतील.

ह्या नळ्यांवर हिमोग्लोबिन शेकड्यात लिहिलेले असे, आणि तेथेच घोळ होता. शंभर टक्के म्हणजे किती? साली ह्यांच्या मूळ मापाप्रमाणे शंभर घन सेंटिमीटर रक्तात सुमारे १७ ग्रॅम हिमोग्लोबिन असले तर ते शंभर टक्के होई. इंग्लंडात हॉल्डेन ह्यांच्या मापाप्रमाणे १३.८ ग्रॅमलाच शंभर टक्के धरीत. ह्याचा अर्थ असा की, ज्या माणसाच्या रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे तो एका दवाखान्यात ८२ टक्क्यांचा अशक्त माणूस ठरे आणि दुसऱ्यात पुरता निरोगी ठरे. रक्त तेच, माणूस तोच. फक्त जिना उतरून पलीकडच्या दवाखान्यात गेलेला. टक्क्यांची ही भाषा सोडून सरळ ग्रॅममध्ये बोलण्याची रीत हळूहळू रूढ झाली, आणि मापनाची एकच पद्धत जगभर मान्य व्हायला १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले.

मापाचा घोळ असा मिटला, पण ‘निरोगी’ कोणाला म्हणायचे हा त्याहून अवघड प्रश्न होता. पुरुषाच्या एक घन मिलिमीटर रक्तात पन्नास लाख आणि स्त्रीच्या पंचेचाळीस लाख तांबड्या पेशी असतात, असे पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली. ह्या आकड्यांचे मूळ शोधू गेल्यास ते १८५०च्या सुमारास जर्मनीत केलेल्या, बोटांवर मोजता येतील इतक्या माणसांच्या तपासणीत सापडते. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले, आणि पाऊणशे वर्षांत त्याला वेदवाक्याची प्रतिष्ठा आली. अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्स येथे मॅक्सवेल विन्ट्रोब ह्या तरुण डॉक्टरला १९२० नंतरच्या दशकात ह्याची शंका आली. त्याने निरोगी विद्यार्थ्यांचे रक्त नव्याने तपासले. एवढ्यावरच तो थांबला नाही. १९२९ मध्ये त्याने एक खुणा केलेली अरुंद नळी तयार केली. तिच्यात रक्त घालून ती यंत्रात गरगर फिरवली की पेशी तळाशी बसतात, आणि रक्ताचा किती भाग पेशींनी व्यापला आहे हे सरळ वाचता येते. हा भाग पेशींच्या संख्येने भागला की एका पेशीचे सरासरी आकारमान निघते. आजच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली चार-पाच ओळींवर ‘एम. सी. व्ही.’ अशी तीन अक्षरे असतात, ती ह्या आकारमानाचीच. बहुतेक वाचणारे ती ओळ ओलांडून पुढे जातात. परळच्या कथेचा सारा भर मात्र पेशीच्या आकारावर आहे.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी एक प्रयोगशाळा सुरू झाली होती. १९२५ मध्ये तिला हाफकिन ह्यांचे नाव देण्यात आले. १९२८ साली ह्या संस्थेत लंडनहून डॉ. ल्यूसी विल्स ह्या संशोधिका आल्या. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र हे विषय घेतले होते, आणि वैद्यकाची पदवी त्यांना वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मिळाली होती. भारतातील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बॅल्फर ह्यांनी त्यांना ह्या कामासाठी सुचवले होते. प्रश्न होता मुंबईच्या गर्भिणींचा. गरीब वस्तीतील, गिरणी कामगारांच्या घरांतील स्त्रियांना गर्भारपणाच्या उत्तरार्धात असा काही पांडुरोग होई की, हिमोग्लोबिन उतरत उतरत मृत्यूच्या दारापर्यंत जाई. पुष्कळजणी प्रसूतीच्या वेळी किंवा त्याआधीच दगावत.

आता येथे एकच आकडा, म्हणजे हिमोग्लोबिनचा, पाहिला असता तर उपाय उघड होता. रक्त कमी आहे, लोखंड द्यावे. तेवढ्याने ह्या स्त्रिया सुधारत नव्हत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कारण दिसे. लोखंडाच्या अभावी होणाऱ्या पांडुरोगात तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. ह्या स्त्रियांच्या रक्तातील पेशी संख्येने अगदी थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. अशा मोठ्या पेशी त्या काळी मुख्यतः ‘पर्निशस ॲनिमिया’ ह्या असाध्य समजल्या गेलेल्या रोगात ओळखीच्या होत्या. त्या रोगावर कच्च्या यकृताचा आहार गुणकारी ठरतो, असे बॉस्टनच्या मायनॉट व मर्फी ह्यांनी १९२६ मध्येच दाखवले होते. परंतु मुंबईच्या रोगिणी त्या रोगाच्या नव्हत्या. त्या तरुण होत्या, मज्जातंतूंची जी विकृती त्या रोगात होते ती त्यांच्यात नव्हती, आणि प्रसूतीतून वाचल्या तर पुष्कळदा त्या बऱ्याही होत.

विल्स ह्यांनी प्रथम जंतूंचा संशय घेतला व तो सोडून दिला. मग त्यांची दृष्टी चुलीकडे वळली. एस. एन. तळपदे ह्यांच्यासमवेत त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. कोण काय खाते, दूध किती, भाजीपाला किती, फळ दृष्टीस तरी पडते काय, ह्याची नोंद झाली. हा रोग अधिक करून गरीब मुसलमान कुटुंबांतील स्त्रियांना होई, आणि त्यांच्या ताटात ताज्या भाजीचा व फळांचा जवळजवळ अभावच होता. रक्तपरीक्षेचा कागद येथे प्रथमच घराच्या उंबरठ्याच्या आत शिरला, असे म्हटल्यास चालेल.

ह्यानंतर प्राण्यांवरील प्रयोग आले. विल्स ह्यांनी कुन्नूर येथील पाश्चर संस्थेतही काम केले. मुंबईच्या स्त्रिया जे खात तेच पांढऱ्या उंदरांना घातले, आणि गाभण उंदरांना पांडुरोग झाला. यिस्टचा अर्क आहारात घातल्यावर तो टळला. येथे एक गमतीची गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. उंदरांच्या ह्या पांडुरोगात उवांनी पसरवलेल्या एका जंतूचा हात होता, असे पुढे आढळून आले. म्हणजे प्रयोगाचा एक आधार चक्क डळमळीत होता. तरीही त्यातून निघालेला धागा खरा होता, कारण माकडांवरील प्रयोगांनी तो टिकून राहिला. खंगत चाललेले माकड यिस्टच्या अर्काने सुधारले. तो अर्क म्हणजे मार्माइट. दारूच्या कारखान्यात उरलेल्या यिस्टपासून केलेला, पावाला लावून खाण्याचा, इंग्रजांच्या न्याहारीतला काळपट खारट पदार्थ! यकृताचा अर्क त्या काळी महाग होता. मार्माइट स्वस्त होते.

मग ते स्त्रियांना देण्यात आले. काही दिवसांतच रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची लाट येई. हिमोग्लोबिनचा आकडा तोवर जागचा हललेलाही नसे. पण हाडांच्या मगजात पेशी घडवण्याचे अडलेले काम सुरू झाले, हे ह्या कोवळ्या पेशींच्या मोजणीवरून आधीच कळे. रोज बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबांवर हा पुरावा उभा आहे. विल्स ह्यांनी १९३१ मध्ये ही फलिते ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. यिस्टमध्ये व यकृतात असलेल्या त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ असेच म्हणू लागले. १९३७ मध्ये आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवून दिली. यकृताचा कच्चा अर्क ह्या रोगावर चाले, पण तोच जास्त शुद्ध केला की त्याचा गुण जाई, जरी पर्निशस ॲनिमियावर तो तसाच लागू पडे. अर्थात मोठ्या पेशींच्या मुळाशी दोन निरनिराळी द्रव्ये होती.

पहिल्या द्रव्याचा छडा अमेरिकेत लागला. टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये चार टन पालकातून ते वेगळे काढले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड असे नाव दिले. न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत १९४५ पर्यंत ते कृत्रिम रीतीने तयारही झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. मुंबईच्या गर्भिणींच्या रक्तात ज्याची उणीव आढळली, ते द्रव्य एका भारतीयाच्या नेतृत्वाखाली काचेच्या भांड्यात तयार व्हावे, हा योगायोग विलक्षण खरा. ह्या दोन टोकांचा परस्परांशी तसा काहीच संबंध नव्हता. दुसरे द्रव्य, म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व, १९४८ मध्ये शुद्ध रूपात हाती आले. त्याच वर्षी सुब्बाराव निवर्तले.

ह्या दोन द्रव्यांचा भेद कागदी नाही. बी-१२ प्राणिज अन्नातून मिळते; जो पूर्ण शाकाहारी आहे आणि दूधही बेताचेच घेतो त्याला त्याची उणीव पडू शकते. अशा माणसाच्या पेशी मोठ्या झालेल्या पाहून कोणी त्याला एकटे फॉलिक ॲसिड देत राहिले, तर हिमोग्लोबिन चढते, कागदावरची चांदणी नाहीशी होते, घरचे समाधान पावतात, आणि इकडे मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. आकडा सुधारत असताना रोगी बिघडत जाण्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण वैद्यकात क्वचितच सापडेल.

हाफकिन संस्थेतच, विल्स परत गेल्यावर, १९३० नंतरच्या दशकात साहिब सिंग सोखी ह्यांनी गोखले, मालंडकर व बिलिमोरिया ह्या सहकाऱ्यांसह निरोगी भारतीय स्त्री-पुरुषांच्या रक्ताची मोजणी केली. जर्मनीतल्या मूठभर माणसांच्या मापाने मुंबईच्या माणसाला मोजू नये, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. मर्यादा आखण्याचा हा प्रश्न गर्भिणींच्या बाबतीत विशेष नाजूक आहे. गर्भारपणात रक्तातील पाण्याचा अंश पेशींपेक्षा अधिक वाढतो, त्यामुळे निकोप स्त्रीचेही हिमोग्लोबिन काहीसे उतरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रौढ स्त्रीसाठी १२ ग्रॅमची, पुरुषासाठी १३ ग्रॅमची आणि गर्भवतीसाठी ११ ग्रॅमची सीमा सांगितली. ज्या कागदावर गर्भवतीचा आकडा इतर स्त्रियांच्या मर्यादेशेजारी छापला जातो, तेथे चांदणी उगीच उमटते.

१९५३ मध्ये शिकागोच्या वॉलेस कूल्टर ह्यांना एका यंत्राचे पेटंट मिळाले. एका अतिसूक्ष्म छिद्रातून पेशी एकामागून एक जाऊ द्यायच्या. प्रत्येक पेशी विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडवते, आणि पेशी जितकी मोठी तितका अडथळा मोठा. फीरोर्टला तासचे तास लागलेली मोजणी मिनिटाच्या आत होऊ लागली आणि आकारमानही आपोआप मिळू लागले. यंत्राला दमणूक नसल्यामुळे तपासण्यांची संख्या वाढली, आणि तिच्याबरोबर चांदण्याही वाढल्या. ह्याचे कारण गणिती आहे. मर्यादा आखताना निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ जणांचे आकडे आत घेतात, खालचे अडीच व वरचे अडीच बाहेर ठेवतात. तेव्हा पूर्ण निरोगी माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर त्यांतली एक तरी मर्यादेबाहेर जाण्याचा संभव शंभरात चौसष्ट असतो. हे लक्षात घेऊनच फिनलंडच्या ग्रेसबेक व सारिस ह्यांनी १९६९ मध्ये ‘प्राकृत’ हा शब्दच टाकावा आणि ‘संदर्भासाठी घेतलेली मूल्ये’ म्हणावे असे सुचवले. शब्द शास्त्रज्ञांनी स्वीकारला. लोकांच्या तोंडी ‘नॉर्मल’च राहिला.

भारत सरकारने १९७० मध्ये गर्भवतींसाठी राष्ट्रीय योजना आखली, तेव्हा लोह आणि फॉलिक ॲसिड ही दोन्ही एकाच गोळीत घालण्यात आली. ह्यात शहाणपण होते, कारण आपल्याकडच्या गरीब घरांत ही दोन दारिद्र्ये बहुधा एकाच ताटात बसतात. परंतु ती एकत्र आली की कागद वाचणाराची पंचाईत होते. लोहाच्या उणिवेने पेशी लहान होतात, फॉलिक ॲसिडच्या किंवा बी-१२च्या उणिवेने मोठ्या होतात. दोन्ही उणिवा असलेल्या स्त्रीच्या रक्तात लहान व मोठ्या पेशी शेजारी शेजारी वाहत असतात, आणि त्यांची सरासरी काढली की आकारमानाचा आकडा अगदी मर्यादेत, मधोमध येऊन बसतो. त्याच्यापुढे चांदणी नसते. पेशींच्या आकारांत किती तफावत आहे हे सांगणारी एक वेगळी ओळ नव्या यंत्रांच्या कागदावर असते, आणि तेथे ही गोष्ट पकडली जाते. नाहीतर रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, एर्लिखच्या रीतीने रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. मग एकाच दृष्टिक्षेपात दोन्ही दिसतात: फिक्या, बारक्या पेशी आणि त्यांच्या मधूनमधून पसरलेल्या मोठ्या पेशी, परळला १९२८ नंतर ज्या पाहिल्या गेल्या तशाच.